सात ऑक्टोबरचा रस: ओडवाला प्रकरणाचा अभ्यास

"आंबट रसात कसले जंतू जगतात?" फळप्रक्रियेच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी हा प्रश्न येतो. विचारणारा कधी संत्रा बागायतदार असतो, कधी बचत गटातल्या ताई, कधी शहरात कोल्ड प्रेस ज्यूसच्या बाटल्या घरपोच द्यायचं ठरवून आलेला तरुण. प्रश्नामागे पिढ्यांचा अनुभव आहे. लोणचं वर्षभर टिकतं, कोकमाचं आगळ टिकतं, मीठ घातलेला लिंबाचा रस टिकतो. आंबट पदार्थ टिकतो हे आपण घरात पाहत आलो आहोत.

पण पदार्थ टिकणं वेगळं आणि तो निर्धोक असणं वेगळं. हा फरक समजावण्यासाठी मी दर वर्गात एकच प्रकरण सांगते, १९९६ सालचं, अमेरिकेतल्या ओडवाला कंपनीच्या सफरचंद रसाचं. सांगायला पाऊण तास लागतो. त्यातला बराचसा वेळ जंतू, फळ आणि थंडावा यांच्यावर जातो आणि कंपनीवर थोडा. इथेही तसंच लिहिते आहे.

व्हॅनमधून सुरू झालेला धंदा

१९८० साली कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ गावात तिघांनी मिळून २२५ डॉलरला एक जुनं रसयंत्र घेतलं. संत्र्यांचा रस काढायचा आणि फोक्सवॅगन व्हॅनमधून गावातल्या हॉटेलांना नेऊन द्यायचा, असा तो उद्योग. रस ताजा होता, चव चांगली होती, लोक मागू लागले. १९९६ पर्यंत कंपनीची वार्षिक विक्री ५ कोटी ९० लाख डॉलरच्या घरात गेली. अमेरिकेच्या पश्चिमेकडची राज्यं आणि कॅनडातला ब्रिटिश कोलंबिया प्रांत मिळून सुमारे ४,६०० दुकानांत त्यांच्या बाटल्या जात. कारखाना होता कॅलिफोर्नियाच्या फळपट्ट्यात, डिनुबा या गावी.

कंपनीची ओळख एका गोष्टीवर उभी होती: रस तापवायचा नाही. तापवला की फळाचा स्वाद उतरतो, जीवनसत्त्वं कमी होतात, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते मनापासून होतं. ग्राहकही तसेच, तब्येतीला जपणारे, मुलांना कोला देण्याऐवजी फळांचा रस देणारे आईबाप. त्या वेळी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रसापैकी ९८ टक्के पाश्चरीकरण केलेला, म्हणजे जंतू मारण्यापुरता तापवलेला असे, उरलेल्या दोन टक्क्यांत हे येत. रस तापवलाच पाहिजे असा कायदा तेव्हा नव्हता. सफरचंदाचा रस आंबट, म्हणून सुरक्षित, असंच बहुतेकांनी धरलेलं होतं.

तेवीस दिवस

७ ऑक्टोबर १९९६ रोजी डिनुबात सफरचंदांचा रस निघाला. त्या रसात काही वेगळं आहे हे कुणालाही कळलं नाही, कारण रंग, वास, चव यांत काहीच बिघडलेलं नव्हतं. बाटल्या थंड गाड्यांतून दुकानांत गेल्या. सफरचंदाचा रस हा कंपनीच्या अनेक मिश्र पेयांचा पाया होता, त्यामुळे ज्यांनी साधा सफरचंद रस घेतलाच नाही त्यांच्याही पोटात तो दुसऱ्या नावाच्या बाटलीतून गेला.

त्यानंतर वॉशिंग्टन राज्यात मुलं आजारी पडू लागली. पोटात कळा, जुलाब आणि मग जुलाबात रक्त. सिएटल भागातल्या आरोग्य विभागाच्या हे पटकन लक्षात आलं, त्याला एक दुःखद कारण आहे. १९९३ साली याच राज्यात आणि शेजारच्या भागात कच्च्या राहिलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७:एच७ या जिवाणूची साथ पसरली होती. सातशेहून अधिक लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. तेव्हापासून तिथले डॉक्टर रक्ताचे जुलाब दिसले की हा जंतू शोधायला सांगत आणि प्रयोगशाळा प्रत्येक सापडलेला रुग्ण कळवत. ही सवय नसती तर विखुरलेल्या घरांतली ही आजारपणं एकमेकांशी जोडली गेलीच नसती.

आरोग्य कर्मचाऱ्यांनी रुग्णांच्या घरच्यांना विचारलं: मागच्या आठवड्यात काय काय खाल्लं, कुठून आणलं, कोणत्या दुकानातून. तशीच माहिती आजारी न पडलेल्यांकडून घेतली आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. मांस, दूध, भाजी यांत काही सापडेना. समान निघाला तो ओडवालाचा सफरचंद रस किंवा तो असलेली मिश्र पेयं, कुणी कॉफीच्या दुकानातून घेतलेली, कुणी किराणा दुकानातून. ३० ऑक्टोबरला विभागाने कंपनीला हे कळवलं. रस काढल्यापासून तेवीस दिवस झाले होते.

अखेरच्या मोजणीत रुग्ण भरले ७०. त्यांतल्या २५ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. १४ जणांना हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम झाला, म्हणजे तांबड्या पेशी फुटणं आणि मूत्रपिंडं बंद पडणं. कोलोरॅडोतली १६ महिन्यांची एक मुलगी ८ नोव्हेंबरला गेली. परत आलेल्या बाटल्यांपैकी ७ ऑक्टोबरच्या रसात तोच जिवाणू वाढला आणि त्याच्या डीएनएची ठेवण रुग्णांच्या जिवाणूशी हुबेहूब जुळली. जवळजवळ सगळी आजारपणं त्या एका दिवसाच्या रसाने झाली होती.

आंबटपणा आणि थंडावा

आता मूळ प्रश्नाकडे येते. सफरचंद रसाचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण ३.३ ते ४ च्या दरम्यान असतो. एवढ्या आम्लात बहुतेक रोगजंतू वाढत नाहीत, हे पुस्तकात लिहिलेलं खरं आहे. गफलत "वाढत नाहीत" आणि "मरतात" या दोन क्रियापदांत आहे.

दूषित दुधात किंवा शिजवलेल्या भातात जंतूला वाढायला वेळ मिळाला की संख्या लाखांवर जाते आणि मग माणूस आजारी पडतो. ओ१५७:एच७ ला त्या वाढीची गरजच नाही. शंभराहून कमी जिवाणू पोटात गेले तरी पुरतात. त्यामुळे बाटलीत तो वाढला नाही, नुसता तग धरून राहिला, तरी काम भागतं. आणि तग धरण्यात हा पटाईत आहे. उपासमार आणि आम्ल यांना तोंड देण्याची त्याची अंतर्गत यंत्रणा आहे. पेशीत शिरलेलं आम्ल तो निष्प्रभ करत राहतो. माणसाच्या जठरातलं आम्लही त्यामुळेच त्याला अडवू शकत नाही.

दुसरी गोष्ट ऐकून वर्गात नेहमी शांतता पसरते. आम्लात हा जिवाणू गरम हवेपेक्षा फ्रिजमध्ये जास्त दिवस जगतो. आम्ल पेशीला मारतं ते तिच्या चालू व्यवहारात बिघाड करून. थंडीत ते व्यवहारच मंदावतात, म्हणून मरणंही लांबतं. १९९१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर भागात २३ जण याच जिवाणूने आजारी पडले होते, कारण होतं ताजा, न तापवलेला सफरचंद रस, ज्याला तिकडे सायडर म्हणतात. त्या वेळच्या अभ्यासकांनी प्रयोग करून पाहिला: ३.७ ते ३.९ सामू असलेल्या रसात, ८ अंश सेल्सिअसला, हा जिवाणू २० दिवस जिवंत राहिला. ०.१ टक्का सोडियम बेंझोएट हे टिकवणारं रसायन घातल्यावर तो मुक्काम सात दिवसांच्या आत आला. आपल्याकडे स्क्वॅश-सरबत करणाऱ्यांच्या फडताळात ती पावडर असतेच, आणि तिच्या भरवशावर निर्धास्त राहणाऱ्यांना मी हाच आकडा दाखवते. सात दिवस हेही पुष्कळ झाले, बाटली तर दुसऱ्या दिवशी उघडली जाते.

बिघडलेला रस आणि धोक्याचा रस

रस बिघडवणारे सूक्ष्मजीव आणि रसातून आजार देणारे सूक्ष्मजीव ही दोन निराळी बिऱ्हाडं आहेत. या प्रकरणाचं मर्म मला इथे दिसतं, म्हणून थोडं थांबते.

बिघडवणाऱ्यांत पहिला मान यीस्टचा. साखर आणि आम्ल दोन्ही त्याला मानवतात. रसात तो वाढला की वायू धरतो, बाटली फुगते, झाकण उघडताना फस्स होतं, दारूसारखा वास येतो. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू संत्र्याच्या रसात वाढले की त्याला ताकासारखा वास येतो. अॅसेटिक जिवाणूंना हवा मिळाली की व्हिनेगरची आंबूस झाक येते. बुरशी तर डोळ्यांनाच दिसते. अॅलिसायक्लोबॅसिलस नावाचा एक जिवाणू आहे, त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचात झोपलेली त्याची रूपं, पाश्चरीकरणातूनही वाचतात आणि पुढे रसाला दवाखान्यातल्या फिनाइलसारखा वास आणतात. तो माणसाला अपाय करत नाही, पण अख्खी बॅच फेकायला लावतो. हे सगळे आपली वर्दी देतात. नाकाला, जिभेला, डोळ्याला कळतं आणि माणूस तो रस पीत नाही.

दुसऱ्या बिऱ्हाडातले ओ१५७:एच७, साल्मोनेला हे जिवाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी यांची वर्दी मिळत नाही. मिलिलिटरभर रसात ते दहा-वीस असले तर चव बदलायचं काही कारणच नाही.

ओडवालाची सारी काळजी पहिल्या बिऱ्हाडासाठी होती. रस लगेच बाटलीत भरायचा, साखळीत कुठेही थंडावा तुटू द्यायचा नाही, जुनी बाटली दुकानात राहू द्यायची नाही. यीस्ट रोखण्याचे हे उत्तम उपाय आहेत आणि ते त्यांनी निष्ठेने केले. पण त्याच उपायांनी ७ ऑक्टोबरच्या रसातला जंतू जिवंत ठेवला आणि लवकर पोचवला. रस उन्हात राहून दोन दिवसांत फसफसला असता तर लोकांनी तो ओतून दिला असता. ताजेपणा हीच गुणवत्ता मानली की ताजेपणा मोजणं म्हणजे सुरक्षितता मोजणं असं वाटायला लागतं. कंपनीतल्या चांगल्या माणसांची चूक झाली ती इथे, असं मला वाटतं.

फळात कुठून आला?

ओ१५७:एच७ चं मुख्य घर म्हणजे गुरांचं आतडं. हरणं, मेंढ्या यांच्यातही तो राहतो. जनावर आजारी दिसत नाही, शेणातून जंतू बाहेर पडत राहतात. सफरचंद पिकलं की झाडाखाली पडतं, आणि रसासाठी घ्यायच्या फळाला दिसण्याची अट नसते, म्हणून पडलेली फळं स्वस्तात रसाच्या कारखान्यात जातात. फॉल रिव्हरच्या रसाच्या गिरणीत नेमकं हेच झालं होतं: बहुतेक फळं जमिनीवरून वेचलेली, न धुतलेली, आणि गिरणीवाल्याची गुरं शेजारच्याच कुरणात.

ओडवालाच्या तपासात ७ ऑक्टोबरला वापरलेल्या फळांपैकी तीन लॉटांवर, म्हणजे तीन खेपांवर, संशय आला. दोन लॉट ज्या बागेतले होते तिथे हरणांचा वावर होता, आणि त्या हरणांत पुढे हाच जिवाणू सापडला. तिसऱ्या लॉटमध्ये सडलेली फळं होती, वरून मेण चढवलेलं. तिन्हींपैकी कोणता लॉट, हे शेवटपर्यंत नक्की ठरलं नाही. मला ते तिन्ही शिकवायला सारखेच उपयोगी पडतात.

सडलेल्या फळाचं नुकसान दुहेरी आहे. काही बुरशींनी पोखरलेल्या जागी आम्ल कमी होतं आणि एरवी जिथे जंतू वाढला नसता तिथे त्याला वाढता येतं. शिवाय सफरचंदावरच्या निळ्या-हिरव्या बुरशीतून पॅट्युलिन हे विष रसात उतरतं आणि ते पाश्चरीकरणाने पुरतं जात नाही. रसात त्याची मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम इतकी आहे. "तापवणारच आहोत, मग चार सडकी गेली तर काय" असं म्हणणाऱ्याला यावर उत्तर नाही.

मग फळं धुतली होती का? होती. ब्रशाने घासून, आम्लयुक्त पाण्याने धुण्याची सोय होती. धुण्याने किती होतं हे दाखवायला मी वर्गात एक प्रयोग करते. सहा सफरचंदं सकाळी खिडकीत उन्हाला ठेवते. ती हाताला कोमट लागू लागली की बर्फ घातलेल्या पाण्यात सोडते. पाण्यात खायचा लाल रंग भरपूर कालवलेला असतो. अर्ध्या तासाने काढून, पुसून, देठापासून खालपर्यंत उभी चिरते. साल स्वच्छ असते. बहुतेक फळं आतूनही पांढरी निघतात. पण सहांत एखादं असं निघतं की देठाच्या विरुद्ध टोकाच्या त्या वाळक्या खळग्यातून एक बारीक लाल रेघ वर चढलेली असते, थेट बियांच्या कप्प्यापर्यंत, आणि कप्प्याच्या भिंती गुलाबी झालेल्या असतात. फळाच्या गाभ्यात हवा असते. कोमट फळ गार पाण्यात पडलं की ती हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते. पाण्यात जंतू असले तर तेही आत जातात. त्यानंतर साल कितीही घासा, आत गेलेलं बाहेर येत नाही. म्हणून धुण्याचं पाणी फळापेक्षा थंड नसावं आणि त्यात जंतुनाशकाची मात्रा सतत मोजून राखलेली असावी, हे मी त्या चिरलेल्या फळावर बोट ठेवून सांगते.

चिरलेली फोड मुली हातात घेऊन उजेडाकडे धरतात. मागच्या वर्षी एका ताईंनी विचारलं, "आणि डाळिंबाचं काय?" डाळिंबाच्या तुऱ्याशी तसाच खळगा असतो. तो प्रयोग आम्ही दुसऱ्या दिवशी केला.

माहीत नव्हतं का?

फॉल रिव्हरचा अभ्यास १९९३ साली छापून आला होता, तीन वर्षं आधी. १९९५ मध्ये फ्लोरिडातल्या एका थीम पार्कमध्ये न तापवलेल्या संत्रा रसातून साल्मोनेलाची साथ झाली होती, साठेक रुग्णांची. आणि १९९६ च्याच उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराच्या तपासनिसांनी ओडवालाचा कारखाना आणि माल पाहिला होता. रसातली जिवाणूंची संख्या जास्त आणि स्वच्छतेची व्यवस्था अपुरी, असं म्हणून लष्कराने आपल्या दुकानांत तो रस ठेवायला नकार दिला.

ग्राहकाने माल नाकारला की आपण एक ऑर्डर गेली म्हणून हळहळतो. पण तो नकार म्हणजे फुकट मिळालेला तपासणी अहवाल असतो. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी हुकलेली संधी तीच. त्या नकारानंतर ७ ऑक्टोबर यायला काही आठवडेच होते.

बाटल्या परत

कळल्यावर कंपनीने जे केलं ते मात्र आजही दाखला म्हणून सांगितलं जातं, आणि सांगावं. प्रयोगशाळेचा अहवाल यायची वाट न पाहता ३० ऑक्टोबरलाच सफरचंद रस असलेला सगळा माल परत मागवला. त्याच यंत्रांवरून जात होता म्हणून गाजराचा रसही मागे घेतला. ४८ तासांत ४,६०० दुकानांतून बाटल्या निघाल्या. खर्च आला ६५ लाख डॉलर. आजारी मुलांच्या औषधोपचाराचा खर्च देऊ केला. विक्री ९० टक्क्यांनी कोसळली.

डिसेंबरमध्ये सफरचंद रस पुन्हा बाजारात आला तो क्षणिक पाश्चरीकरण करून: रस काही सेकंदांपुरता तापवायचा आणि लगेच गार करायचा. सोळा वर्षं जी गोष्ट करणार नाही म्हणून कंपनी ओळखली जात होती, ती तिने दोन महिन्यांत स्वीकारली. चवीत फार फरक पडला नाही असं लोकांना आढळलं. हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं, कारण हा प्रयोग आधीही करून पाहता आला असता.

जुलै १९९८ मध्ये कंपनीने फ्रेझ्नोच्या केंद्रीय न्यायालयात दूषित अन्न विकल्याचे १६ गुन्हे कबूल केले आणि १५ लाख डॉलर दंड भरला. अमेरिकेत अन्नातून झालेल्या इजेसाठी तोवर एवढा दंड झाला नव्हता. २००१ मध्ये कोका-कोलाने कंपनी १८ कोटी १० लाख डॉलरला घेतली आणि २०२० मध्ये ती बंद केली.

लाखात एक

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आधी, १९९८ मध्ये, लेबलाचा नियम केला. न तापवलेल्या पॅकबंद रसावर लिहायचं की यात अपायकारक जिवाणू असू शकतात आणि लहान मुलं, वृद्ध व प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना गंभीर आजार होऊ शकतो. जानेवारी २००१ मध्ये रसासाठी हॅसपचा (HACCP: धोका कुठे शिरू शकतो ते आधीच शोधून त्या टप्प्यावर रोज मोजून नोंद ठेवण्याची पद्धत) नियम आला आणि पुढच्या जानेवारीपासून मोठ्या कारखान्यांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने लागू झाला.

त्या नियमाचा कणा एका आकड्यात आहे: पाच लॉग. म्हणजे प्रक्रियेआधी जंतू एक लाख असतील तर नंतर एकच उरावा. फळ धुऊन, निवडून, घासून एक-दोन लॉग मिळतात, म्हणजे दहातला किंवा शंभरातला एक उरतो. पाच लॉग मिळवायला रसावरच काहीतरी करावं लागतं. उष्णता हा सोपा मार्ग: ४ किंवा त्याहून कमी सामूच्या सफरचंद रसाला ७१.१ अंश सेल्सिअसवर ६ सेकंद पुरतात. अतिउच्च दाब आणि अतिनील किरण हेही मार्ग आहेत, पण यंत्रं महाग. कोणताही मार्ग घ्या, नियम रस कसा तापवला हे विचारत नाही, लाखाचा एक झाला का आणि तो रोजच्या रोज झाल्याची नोंद आहे का, एवढंच विचारतो.

लिंबूवर्गीय फळांना सवलत मिळाली. धडधाकट संत्र्याच्या आत जंतू नसतात असं धरून सालीवरची प्रक्रियाही पाच लॉगमध्ये मोजायची मुभा दिली, अट एवढीच की फळ झाडावरून तोडलेलं हवं आणि रसाची ई. कोलायसाठी नियमित तपासणी हवी. १९९९ मध्येच न तापवलेल्या संत्रा रसातून अमेरिका आणि कॅनडात साल्मोनेलाचे शेकडो रुग्ण झाले होते, त्यामुळे ही सवलत मला आजही सैल वाटते. समोर ग्लासात काढून देणाऱ्या दुकानांना तर हॅसपमधून वगळलंच आहे.

एक भर घालायला हवी. हे सगळं आंबट रसांचं झालं. गाजर, कलिंगड, ऊस यांच्या रसाचा सामू ४.६ च्या वर असतो. तिथे जंतू नुसते तग धरून राहत नाहीत, वाढतात. २००६ मध्ये अमेरिका आणि कॅनडात बाटलीबंद गाजर रसातून बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पाडणारा आजार, झाला. तो रस पाश्चरीकरण केलेला होता. पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू तेवढ्या उष्णतेने मरत नाहीत, आणि बाटली पुरेशी थंड न राहिल्यावर त्यांनी विष तयार केलं. त्यामुळे गाजर-बीट-आल्याच्या बाटल्या विकायला निघालेल्यांना मी सफरचंदाचा आकडा वापरू देत नाही. आधी सामू मोजा, लिंबू घालून ४.६ च्या खूप खाली आणा, परत मोजा, मग तापवण्याचं बोलू.

रजिस्टरमधला रकाना

सत्तर घरांतलं आजारपण एका दिवसाच्या रसापर्यंत आणि तिथून तीन लॉटांपर्यंत नेता आलं ते बाटलीवरची तारीख आणि कारखान्यातल्या नोंदी होत्या म्हणून. वर्गाच्या शेवटच्या दिवशी आम्ही प्रत्येकाचं बॅच रजिस्टर आखतो. तारीख, फळ, किती किलो, कुणाकडून, किती फेकलं, धुण्याच्या पाण्याचं तापमान, क्लोरीन, रसाचा सामू, तापमान, किती सेकंद, सही.

गेल्या खेपेला अमरावतीकडच्या एका बागायतदार काकांनी स्वतःहून एक रकाना वाढवला: "तोड की पड?" झाडावरून तोडलेली की खाली पडलेली. त्यांच्या बागेत रोही (नीलगाई) येतात, तार लावूनही येतात, असं ते म्हणाले. शेजारी बसलेल्या पुण्याच्या मुलाने विचारलं, "काका, तुमची बाग तुमची आहे. मी मार्केट यार्डातून क्रेट घेतो. तोड की पड हे मला अडत्या सांगणार आहे का?"

"नाही सांगणार."

"मग मी काय लिहू?"

काकांनी त्याचं रजिस्टर ओढून घेतलं, त्या रकान्यात "पड" असं लिहिलं आणि पुढच्या, तापमानाच्या रकान्यावर पेनाने दोनदा टिचकी मारली.